बसलेल्या माणसाला उठवू नये

मी चहाचं आधण ठेवून मागे वळले तर हे गॅलरीत नव्हते. म्हणजे खुर्चीत होते. खुर्चीतून कुठे जाणार? उजवी बाजू आणि वाचा गेल्यापासून, डाव्या हातातलंही बळ गेल्यापासून हे आपण होऊन कुठेच गेलेले नाहीत. नायगावच्या या भाड्याच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, आणि चार माणसं मिळाल्याशिवाय खुर्ची खाली उतरत नाही. पण खुर्चीसमोर स्टँडवर टॅब असतो, टॅबमध्ये आमची परळची चाळ असते, आणि चाळीच्या दुसऱ्या माळ्यावर जिन्याशेजारच्या लाकडी स्टुलावर यांची बाहुली, म्हणजे पडद्यावरचं यांचं रूप, बसलेली असते. दुपारी मीच बसवली होती. आता स्टूल रिकामं होतं, आणि त्याच्यावर एक निळी पाटी तरंगत होती, अगदी सभ्य भाषेतली: आपण निष्क्रिय असल्यामुळे आपल्याला बाहेर घेण्यात आले आहे, पुन्हा येण्यासाठी येथे दाबा. मी दोनदा वाचली. यांच्याकडे पाहिलं. हे पाटीकडेच बघत होते, तोंड किंचित उघडं, उजव्या डोळ्यातलं पाणी गालावर येऊन थांबलेलं. ते पाणी नेहमीच येतं. डॉक्टर म्हणतात, त्याचा रडण्याशी काही संबंध नाही. म्हणतात बापडे. मागे आधण उकळून गॅसवर सांडलं, त्याचा चर्र आवाज आला, तरी मी जागची हलले नाही.

निष्क्रिय! कोणाला म्हणता रे निष्क्रिय? ज्या माणसाने मिलमध्ये उभ्याने जन्म काढला, कापसाचे कण कानात घालून घरी आला, मिल बुडाल्यावर लोकांच्या बिल्डिंगीखाली वॉचमन म्हणून उभा राहिला, आणि कधी नव्हे तो आता बसलाय, त्याला? मेल्यांनो, बसायला सुद्धा काही करावं लागतं का? मी रागाने बोलत होते, मोठ्याने बोलत होते, आणि बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की हे ऐकतायत. यांना सगळं कळतं. बोलता येत नाही एवढंच. शब्द त्यांनी वाचला होता, आणि आता मी तो शब्द चार वेळा त्यांच्या कानावर घातला होता. मग मी गप्प झाले. पाटीवर बोट दाबलं, चाळीचा दरवाजा उघडला, बाहुली जिना चढवून पुन्हा स्टुलावर बसवली आणि गॅस पुसायला गेले.

स्टुलावर बसणं म्हणजे काय हे मला मिल कामगारांच्या त्या मोठ्या संपात कळलं. लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. चाळीतले सगळे पुरुष एकदम घरी. सकाळी भोंगा नाही, पाळी नाही, आणि गॅलरीत एका ओळीत माणसं बसलेली; कोणी स्टुलावर, कोणी उंबरठ्यावर, कोणी नुसतं कठड्याला टेकून. कोणी कोणाशी फारसं बोलत नसे. मी नवी सून, कंबरेत वाकून केर काढत चाललेली, यांच्या स्टुलापाशी आले आणि म्हटलं, जरा उठा. सासूबाई आतून आल्या, माझ्या हातातला झाडू घेतला आणि स्टुलाच्या भोवतीने केर काढला, पाय सुद्धा उचलायला लावले नाहीत. मग आत नेऊन मला म्हणाल्या, बसलेल्या माणसाला उठवू नये गो. बसलाय म्हणजे काहीतरी सोसतोय. ही आमच्या चाळीची रीत होती, एकट्या सासूबाईंची नव्हे. बसलेल्याला काय करतोस म्हणून विचारायचं नाही. बाजूने जायचं. जमलं तर चहा ठेवायचा, आणि कप न्यायला परत यायचं तेव्हा सुद्धा काही विचारायचं नाही. संप संपलाच नाही, मिल गेली, तरी स्टूल तिथेच राहिलं. कितीतरी माणसं त्या स्टुलावर बसून सावरली. दोन नाही सावरली. पण त्यांनाही कोणी उठवलं नव्हतं.

आता ती गॅलरीच उरली नाही. चाळ पाडली, टॉवर व्हायचा आहे, भाडं घेऊन माणसं कुठे कुठे फेकली गेली, दिव्याला, नालासोपाऱ्याला, बदलापूरला. पाडायच्या आधी खालच्या माळ्यावरच्या दीपकने, तो असल्याच कामाच्या कंपनीत आहे, चाळीचा कोपरा न् कोपरा मोजला, फोटो काढले, आणि या इंटरनेटच्या नगरीत जागा घेऊन तिथे चाळ उभी केली. हुबेहूब. नळाखालचा शेवाळलेला दगड, जिन्याची तुटकी पायरी, आमच्या दारावरचा जुना मीटर. पहिल्यांदा त्यात शिरले तेव्हा मी तुटकी पायरी चुकवून पाय टाकला, म्हणजे बाहुलीचा. नंतर मला हसू आलं आणि मग हसू गेलं. रोज संध्याकाळी माणसं जमायला लागली. भांडणं पण आली मागोमाग, येणारच. चाळ आली म्हणजे भांडण आलंच. कोणाची कुंडी गॅलरीत, कोणाच्या दारातून गाण्याचा आवाज. आणि या सगळ्यावर कमिटी. चेअरमन शरच्चंद्रभाऊ. युनियनमधला जुना माणूस, बोलायला उभा राहिला की अजून समोर हजार माणसं असल्यासारखा आवाज लावतो. ते म्हणायचे, खऱ्या चाळीत मालकाचं चाललं, म्हाडाचं चाललं, बिल्डरचं चाललं. ही चाळ आपली आहे. हिचे नियम आपण करायचे.

बोलायला बरं. पण निस्तरत कोण होतं? दीपक. ऑफिसात असला तरी त्याला फोन. दीपक, जिना दिसत नाही. दीपक, माझी बाहुली भिंतीत अडकली. दीपक, आमच्या खोलीला गुलाबी रंग कोणी दिला? पोराच्या तोंडाला फेस आला. आणि नगरी चालवणाऱ्या कंपनीची एक योजना होती, की तुम्ही कमिटी बंद करा, सगळी व्यवस्था आम्ही बघतो, दुरुस्ती, पहारा, तक्रारी, सगळं. दीपक म्हणायचा, मावशी, नळाला पाणी आलं पाहिजे की नळ कोणाचा यावर भाषण झालं पाहिजे? मला दोघांचंही पटायचं. खोटं कशाला बोलू? ज्याच्याशी बोलत असे त्याचं पटायचं. मला राज्य कोणाचं हे ठरवायचंच नव्हतं. माझा माणूस स्टुलावर बसलाय आणि येणारा जाणारा त्याला ‘काय कुशाबा’ म्हणतोय, एवढं मला पुरे होतं. कोणी बाजूला बसायचं, आपल्या सुनेचं गाऱ्हाणं सांगायचं, उत्तराची अपेक्षा न करता उठून जायचं. तेवढ्या वेळात यांच्या तोंडावर असं काही यायचं की मी भाजी चिरायची थांबायची.

मग ती सभा झाली. झाली म्हणजे, आम्हाला न कळताच झाली. आता आमच्यात सभा म्हणजे कशी, हे परळमधल्या कोणालाही विचारा. सहाची नोटीस असली की सहाला चार माणसं येतात, कोरम नाही म्हणतात, सभा अर्धा तास तहकूब करतात. अर्ध्या तासाने त्याच जागी सभा भरते, तिला कोरम लागत नाही. त्यामुळे शहाणा माणूस साडेसहालाच येतो. जन्मभर आम्ही तशाच सभा केल्या. तशाच सभांमध्ये चाळ पाडायला सुद्धा सह्या दिल्या. तर कंपनीची योजना घ्यायची की नाही यावर सहाची सभा होती. मी यांना खाऊ घालून, पदर नीट करून साडेसहाला चाळीच्या अंगणात शिरले. शरच्चंद्रभाऊ त्याच वेळी आले. ते तर नेहमी इस्त्रीचा शर्ट घालून टॅबसमोर बसतात, बाहुलीला शर्ट दिसत नाही तरी. मागून आणखी पुष्कळ आले. अंगणात कोणी नाही. फळ्यावर लिहिलेलं, मतदान पूर्ण, ठराव मंजूर. तिथलं यंत्र सहाला उघडतं आणि थोड्या वेळाने आपोआप मिटतं, त्याला कोरम नाही, तहकुबी नाही, काही नाही. सहाला आलेल्या चार पोरापोरींनी हात वर केले होते. भाऊ त्या फळ्यासमोर कितीतरी वेळ उभे होते. मला तेव्हा हसू आलं होतं, हे सांगते. म्हटलं, एवढी वर्षं अर्धा तास उशिरा जाऊन हे एकदा तरी व्हायचंच होतं.

आता ती निळी पाटी वाचल्यावर हसू येत नव्हतं. मी दीपकला फोन लावला आणि विचारलं, कुशाबाकाकांना बाहेर कोणी काढलं? तो म्हणाला, कोणी नाही, ते ऑटोमॅटिक आहे. बाहुली काही वेळ हलली नाही की सिस्टीम तिला बाहेर घेते. मी म्हटलं, सिस्टीमचं नाव सांग, कुठे राहते ते सांग, मी येते. तो समजुतीने म्हणाला की अधूनमधून ‘हात हलवा’चं बटण दाबत जा, म्हणजे झालं. किती सोपं! कंपनीच्या मदतखिडकीतही मी लिहिलं. तिथून लगेच उत्तर, आपल्याला मदत करताना आनंद होत आहे. मी लिहिलं, तुझ्या घरात म्हातारा बाप आहे का? उत्तर आलं, आपला प्रश्न समजला नाही, कृपया खालीलपैकी पर्याय निवडा. पर्यायात दुरुस्ती होती, रंगरंगोटी होती, तक्रार होती. तक्रारीत आवाज, अस्वच्छता, त्रासदायक व्यक्ती. मला माझ्या आयुष्यातली सगळी भांडणं आठवली. नळावर कमलने माझी घागर सरकवली होती तेव्हा मी तिच्या सात पिढ्या काढल्या, आणि संध्याकाळी तिनेच पोह्याची ताटली आणून दिली. भांडायला समोर तोंड लागतं. इथे मी कोणाच्या झिंज्या धरू?

तेव्हापासून मी बटण दाबायला लागले. कणकेचे हात घेऊन धावत यायचं, करंगळीने दाबायचं, पडद्यावर यांचा हात वर होऊन हलायचा, की परत पोळी लाटायला. आंघोळीला गेले की काढले यांना. गिरणीतून दळण आणायला गेले, काढले. कुकर, दार, भाजीवाला, सगळं त्या बटणाभोवती फिरायला लागलं. आणि वाईट कशाचं वाटायचं सांगू? जिन्याने कोणी वर आलं की यांची बाहुली त्याला हात करायची, मग तो हसून हात करायचा, मग परत काही वेळाने यांचा हात. लोकांना वाटायला लागलं, कुशाबा जरा जास्तच करायला लागला. आयुष्यात ज्या माणसाने कधी कोणाला उगीच सलाम केला नाही, मिलमधल्या वरच्या जॉबरला सुद्धा नाही, तो येणाऱ्या जाणाऱ्याला हात करत बसला होता, आणि ते मी करवत होते.

मी शरच्चंद्रभाऊंना गाठलं. त्यांनी लगेच खास सभा बोलावली, नोटिशीत ठळक अक्षरात, सहा म्हणजे सहा. सगळे सहाला आले. मी पडद्यापासून लांब कुठेही न जाता यांच्या शेजारीच बसले होते, एक डोळा बटणावर. भाऊ बोलले, छान बोलले. आपल्याच चाळीत आपण भाडोत्री झालो, म्हणाले. दीपक बोलला, आकडे सांगितले, जिना आता कसा नीट दिसतो ते सांगितलं, आणि शेवटी म्हणाला, काम करायला एक जण पुढे या, मी उद्या योजना बंद करतो. कोणी पुढे आलं नाही. मग अक्षदा बोलायला उभी राहिली. कमलची नात, माझ्या मांडीवर खेळलेली पोर, आता नर्स आहे. तिची बाहुली निळ्या ड्रेसमधली, हात पोटाशी घट्ट धरलेले. ती म्हणाली की तिच्यामुळेच ही योजना आली, हे सगळ्यांना ठाऊक असू दे. मध्यंतरी कोणी एक बिननावाची बाहुली चाळीत यायची, काही बोलायची नाही, जिन्यावर उभी राहायची आणि तिच्याकडे बघत राहायची. ती खोलीत गेली की दाराबाहेर. रोज. ती कमिटीकडे गेली, तर भाऊ म्हणाले, पुढच्या सभेत विषय घेऊ. घेतलाच नाही. कंपनी आली आणि दुसऱ्या दिवशी ती बाहुली गेली, कारण जो नुसता उभा राहतो, काही करत नाही, त्याला यंत्र बाहेर काढतं. भाऊंनी आपली बाहुली भिंतीकडे वळवली. त्यांना आठवलं असणार.

तिचं खोटं नव्हतं. पोरगी घाबरली होती आणि आम्ही सगळे जवळच होतो, सुनांची गाऱ्हाणी सांगत. पण मग माझा राग दुप्पट झाला, भाऊंवर, स्वतःवर, आणि मला कळेना की तो राग या पोरीवर का जातोय. मी म्हटलं, "अगो, आणि काका? तेही नुसते बसतात. त्यांची भीती वाटते तुला?"

"नाय गो मावशी," ती म्हणाली. "काका बसले तर मला उलट बरं वाटतं. पण यंत्राला कसं कळणार, काका कोण आणि तो कोण?"

"यंत्राला नाय कळत म्हणूनच जिन्यावर माणूस बसवतात," मी म्हटलं. "काका तिथेच होते ना? त्यांनी बघितलं असेल त्याला. त्यांना कोणी विचारलं?"

विचारणार कसं आणि ते सांगणार कसं? मी यांच्याकडे वळून बघितलं. यांनी डोळे मिटले होते आणि मान होकारार्थी हलत होती, अगदी थोडी, पण हलत होती. पाहिलं होतं त्यांनी. रोज पाहिलं होतं. स्टुलावर बसून बघत होते, आणि इकडे खुर्चीत त्यांना ओरडून सांगायचं असणार, आणि मला वाटत होतं, यांना करमतंय. मी ते सभेत सांगायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात मतदान उघडलं होतं. दिव्याच्या, बदलापूरच्या, नालासोपाऱ्याच्या बाहुल्यांनी हात वर केले. योजना राहिली. मी त्यांना दोष कसा देऊ? पोरीसाठी केले हात वर. दीपकने जाता जाता सांगितलं की कंपनीला लिहून यांच्या बाहुलीवर एक खूण करून घेता येईल, आजारी सभासद अशी, मग यंत्र काढणार नाही, फक्त खूण डोक्यावर सगळ्यांना दिसेल. मी त्याला म्हटलं, तुझ्या डोक्यावर लाव. असं बोलायला नको होतं, पोराचा काही दोष नाही. पण बोलले ते बोलले.

त्यानंतर माझे गुडघे धरले. धावायचं बळ राहिलं नाही, आणि रागही रोज तेवढा पुरत नाही. काल व्यायाम करून घेणारी बाई आली होती, मीनाक्षी नावाची, मनापासून करणारी. मी आत कपडे घडी घालत होते. तिने आनंदाने हाक मारली, आजी, बाहेर या, बघा तर आजोबांची गंमत! मी धावत गेले. यांचा डावा हात खुर्चीच्या दांडीवरून उचलला गेला होता, पडद्यापर्यंत गेला होता, आणि तर्जनीने ‘हात हलवा’चं बटण दाबत होता. दाबायचा, खाली यायचा, पुन्हा वर. आजपर्यंत डावा हात घास तोंडापर्यंत सुद्धा धड नेत नव्हता. ती बाई टाळ्या वाजवायचीच बाकी होती. म्हणाली, एवढी प्रगती व्यायामाने होत नाही, तुम्ही यांना हे छान शिकवलंत. मी काय शिकवलं? मी बटण दाबत होते आणि हे बघत होते. धावत येणारी मी, पीठ लागलेली करंगळी, माझं धापा टाकणं, शिव्या, सगळं बघत होते.

ती गेल्यावर मी त्यांच्या शेजारी बसले. संध्याकाळ होती, पडद्यावरच्या गॅलरीत माणसं येत होती. शरच्चंद्रभाऊ येऊन बाजूला बसले होते, आपल्या गुडघेदुखीचं सांगत होते, अगदी पूर्वीसारखं. अक्षदा ड्युटीवरून आली, जिन्यावर थांबली, काका म्हणाली. मी म्हटलं, अहो, बघा तरी कोण आलंय. यांनी वर पाहिलं नाही. यांची नजर पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात होती, त्या बटणावर, पापणी न हलवता, मिलमध्ये धागा तुटायची वाट बघणाऱ्या माणसाची असते तशी. वरच्या ओठावर घाम होता. मी हळूच म्हटलं, पुरे, दमाल, काढू देत बाहेर, मी परत बसवते तुम्हाला. आणि त्यांचं बोट माझ्या मुठीत धरलं. आजारपणानंतर यांच्या अंगात एवढा जोर मला कधी लागला नव्हता. त्यांनी बोट हिसकावून घेतलं, माझ्याकडे न बघता, आणि पुन्हा दाबलं.